सीट नसलेली गाडी

लीलाधरने गाडी घेताना जेवढा विचार केला, तेवढा त्याच्या बापाने त्याचं लग्न ठरवतानाही केला नसेल. मी शेजारी, म्हणून तीन वेळा धुळ्याच्या शोरूमला मलाच ओढलं. काम साधं होतं. त्याची बायको दिपमाला उन्हाळाभर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, थापून पारोळ्याच्या गच्चीवर वाळवते. धुळ्याच्या एका दुकानदाराने दर मंगळवारी माल घ्यायचं कबूल केलं, पण बिबडी अख्खी हवी. एसटीतून गेलेली बिबडी अख्खी पोचत नाही. म्हणून बंद गाडी हवी होती, मधल्या आकाराची. मोठी आमच्या गल्लीत वळत नाही.

विक्रेत्याने पाच सीटची, मागे मालाला जागा असलेली गाडी दाखवली. दिपमालाला ती आवडली. लीलाधर मात्र घाबरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सीट दिसनी की भाऊबंद बसनात समजा!"

स्वतःला तो ओळखून होता. जन्मात त्याने कुणाला नाही म्हटलेलं नाही. स्वतःच्या हळदीच्या दिवशी मोटरसायकल दुसऱ्याला देऊन हा गडी पाहुण्यांना आणायला सायकलने गेला होता. शेवटी पुढे दोन सीट आणि मागे नुसता पत्रा अशी गाडी घेतली. आता कोण मागणार, म्हणून आम्ही तिघंही खूश होतो.

पहिल्याच सोमवारी संध्याकाळी खोके गाडीत रचून झाले आणि त्याचा चुलतभाऊ बन्सीलाल आला. बन्सीलालचे वडील, जीवराम नाना, नुकतेच गेले होते. मंगळवारी तापीकाठी प्रकाशा गावाला त्यांची दशक्रिया होती.

गाडीत डोकावून तो म्हणाला, "सीट कसाले लागस? सतरंजी टाकी लेसूत. बठ्ठा मावी जातीन."

"भाऊजी, सकाय माल धुयाले पोचाडना शे," दिपमालाने उद्याच्या धुळ्याच्या फेरीची आठवण दिली.

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नानाना दहावा शे, लीलाधर."

दशक्रियेला नाही कोण म्हणेल? मीही म्हटलं नसतं, कबूल करतो. पण भाड्याची गाडी सांगायला बन्सीलालला दहा दिवस होते की! राग आला मला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. लीलाधरने खोके स्वतःच्या हाताने उतरवले.

मंगळवारी तो चौदा माणसं घेऊन प्रकाशाला गेला आणि दिपमाला खोके घेऊन एसटीने धुळ्याला. दुकानदाराने दोन खोके उघडून पाहिले आणि सगळा माल परत केला. पुन्हा आणू नका म्हणाला.

संध्याकाळी ती अंगणात अख्ख्या बिबड्या वेगळ्या काढत बसली होती. लीलाधर शेजारी बसला. त्याचे डोळे भरून आले होते. मलाही तिची फार कीव आली.

"माले नहीं म्हनता येत नहीं वं. मी काय करू?"

"दुसरा दुकानदार मी देखसू," ती म्हणाली. "पन आते गाडी कोनले देवानी नहीं."

त्याने पोरीची शपथ घेतली.

तेवढ्यात फाटकाशी गल्लीतले कौतिक आबा आले. शुक्रवारी धरणगावला नातीचा साखरपुडा होता, गाडी पाहिजे होती. दिपमालाचे हात थांबले. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मीसुद्धा मनातल्या मनात देवाला हात जोडले.

लीलाधर उठला. त्याने घसा खाकरला.

"कितला जन शेतस, आबा?"