उग्झा आणि तिसावा अंक

कुणीतरी आपल्याला लहानपणापासून गंडवतंय. कोण, ते अजून सापडत नाहीये!

जुनी सुपरहिरो कॉमिक्स एकदा क्रमाने वाचायला घ्या, म्हणजे कळेल. संशय घरी मुक्कामालाच येतो, आणि किस्से आपोआप साचतात. दर रविवारी भुईगावला मेल्विनच्या ओटीवर तो, मी आणि नायगावची सायली जमतो. समोर मेल्विनच्या वारलेल्या मामाचे तीस अंक. मामाच्या नावाने ते गावच्या वाचनालयात ठेवायचे, ही मेल्विनची इच्छा. एक जरी बनावट निघाला तरी सेट जाणार नाही, हा माझा हट्ट. खोटं ते खोटं!

या अंकांतला परग्रहवासी म्हणजे उग्झा. तिसऱ्या अंकात त्याला तीन बोटं, सहाव्यात चार, नवव्यात पाच.

"चित्रकाराला घाई असेल रे," मेल्विन म्हणाला.

"घाईत बोटं कमी होतात, वाढत नाहीत!"

*

उग्झाला पृथ्वीची हवा विषारी. म्हणून कायम हेल्मेट. अकराव्या अंकात मात्र पठ्ठ्याने भर चौकात हेल्मेट काढून दोन पानं भाषण ठोकलं!

सायली शांतपणे म्हणाली, "कोविडमध्ये आमचे पप्पाही मास्क खाली करूनच बोलायचे."

*

चौदाव्या अंकात उग्झाचा ग्रह फुटला. अठराव्यात पुन्हा फुटला. बाविसाव्यात त्याला घरून पत्र आलं, सगळे मजेत आहेत म्हणून!

"फुटायच्या आधी टाकलं असेल," मेल्विन म्हणाला. "आमच्याकडेही उशिराच येतात."

*

अठ्ठाविसाव्यात उग्झा मेला. हिरोने स्वतः पुरला, वर भलामोठा दगड ठेवला. तिसाव्यात उग्झा दारात हजर! खुलासा शून्य. शिवाय त्या अंकाचा कागद बाकीच्यांहून पांढरा.

मी अंक बाजूला काढला. "हा बनावट आहे. नंतर कुणीतरी घुसडलाय."

मेल्विन लाल झाला. "कुणीतरी म्हणजे माझ्या मामाने ना? सरळ बोल की!"

मेल्विन एकेक अंक पिशवीत भरू लागला.

त्या दिवशी ईस्टर होता, येशू मरणातून उठल्याचा सण. मेल्विनची आई नुकतीच चर्चमधून आली होती आणि त्याच साडीत वाल सोलत बसली होती. "काय झालं रे भांडायला?"

मी तावातावाने सांगितलं, "आंटी, हा मेला. पुरला. वर दगड ठेवला. आणि मधला एक अंक सोडून परत उभा!"

"म्हणजे मेल्यापासून तिसऱ्या अंकात?"

"हो!"

आंटींनी सालं झटकली. "मग त्यात खोटं काय, बाबा?"