बलभीमतात्या आणि जिवंत खडक

तेर गावच्या शिवारात विहिरीच्या तळाशी मोटारीचा पाणी ओढणारा फुटव्हॉल्व तुंबला, की बलभीमतात्यांना बोलावणं येतं. तात्या छातीभर दम घेऊन खाली जातात आणि बहुतेक वेळा गुटख्याच्या पुड्या नाहीतर खताच्या पिशवीचा तुकडा घेऊन वर येतात. साठी ओलांडली, पण दम तसाच आहे. म्हणून तर पुतणी शिवांजली त्यांना मालवणला घेऊन गेली. समुद्रात बुडी मारून प्रवाळांचा अभ्यास करणं हे तिचं काम. तिथल्या एका मोठ्या प्रवाळावर नायलॉनचं तुटकं जाळं बसलं होतं. ते निघालं नाही, तर खालचा जीव उजेडावाचून मरणार होता. आणि वारा फिरत होता. पावसाळ्याआधी पाण्यात उतरायला हा एकच दिवस उरला होता.

तात्या उतरले आणि पाण्यातच थबकले. विहिरीत स्वतःचा पंजा दिसायची मारामार. इथं तळाच्या वाळूवर त्यांची सावली पडली होती. पिवळ्या पट्ट्यांचे मासे त्यांच्या मिशांपर्यंत येऊन बघून गेले.

जाळं दिसल्यावर मात्र त्यांनी विहिरीतली रीत धरली. पाय खडकाला लावला आणि हिसका दिला. काहीतरी कट्कन तुटलं. शिवांजलीनं त्यांचा दंड धरून त्यांना वर आणलं.

"तात्या, तो दगड न्हाय. जित्तं हाय ते. नखाएवढं वाढायला वरीस लागतंय त्याला."

"आन् हे तर बैलगाडीएवढं हाय."

"आपल्या खापरपणज्याच्या आधीचं असंल."

तात्यांनी होडीची कड धरून छातीभर दम घेतला. मग कात्री मागून घेतली.

या वेळी त्यांनी पाय पोटाशी घेतले. बोराटीच्या काट्यांत अडकलेलं लुगडं काढावं, तशी एकेक गाठ सोडवली. दम संपला की वर, पुन्हा खाली. इतक्या जवळून त्यांना दिसलं, की खडकभर तिळाएवढी तोंडं आहेत. एका दोरीवरून तर तो जीव वाढून गेला होता. दोरी त्याच्या पोटातच गेली होती. ओढली असती तर सगळी साल उचकटली असती. तात्यांनी ती दोन्हीकडून कापली आणि आतला तुकडा त्याच्याकडंच ठेवला.

ऊन कलता कलता जाळं होडीत आलं. जाळ्याखालचा भाग पांढरा पडला होता. कडेला मात्र अजून रंग होता. जगंल का, असं तात्यांनी विचारलं. दिवाळीनंतर बघितल्यावरच कळेल, असं शिवांजली म्हणाली.

"मग म्या येतो," तात्या म्हणाले. "तू बोलावलं न्हाय तरी."

आणि होडी सुटेपर्यंत ते तिच्या कडेवरून वाकून पाण्यात तोंड बुडवून बघत राहिले.