एव्हांथिया जागी होती

व्होलोस बंदराच्या धक्क्यावर बेटांकडे जाणाऱ्या बोटींच्या तिकिटांची खिडकी एव्हांथियाची. उन्हाळ्यात स्कियाथोसला जाणाऱ्यांची झुंबड उडाली की ती एका हाताने तिकिटं द्यायची, दुसऱ्या हातात माईक धरायची आणि मध्येच घुसणाऱ्यांना भर रांगेत झापायची. तिचा आवाज सगळ्या बंदराच्या ओळखीचा. नवरा स्टेर्यिओस मोटारींचं वायरिंग करायचा आणि मोजकंच बोलायचा. "घरात बोलायला जागाच कुठे उरते," असं तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

अशा बाईचं पित्ताशय खड्यांनी भरलं आणि ते काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा भुलीचं औषध देणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईशी, मिर्तोशी, ती गप्पा मारत होती. बोलता बोलता वाक्य अर्धवट राहिलं आणि सगळं संपलं. अंधारसुद्धा नव्हता. काहीच नव्हतं.

मग त्या काहीच नसण्यातून एकदम आवाज आले. एव्हांथियाला वाटलं, झालं वाटतं ऑपरेशन. डोळे उघडायला गेली, पापण्या हलेनात. करंगळी हलवून पाहिली, ती दुसऱ्याच कुणाची असावी तशी पडून राहिली. श्वाससुद्धा तिचा नव्हता, यंत्र घालत होतं आणि यंत्र काढत होतं. आणि पोटात कुणीतरी ओढत होतं. आधी नुसतं ओढणं, मग आग. तिने किंकाळी फोडली. निदान तिला तरी वाटलं की फोडली. टेबलाभोवतीच्या माणसांना पत्ताच नव्हता. सर्जन कुणाला तरी सांगत होता, "मिलियेस गावातलं घर काढतोय विकायला. भावाला अजून बोललो नाही. सही झाली की सांगेन." कुणीतरी हसलं. मग पुन्हा सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी सर्जन तपासायला आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने प्रेमाने तिच्या खांद्यावर थोपटलं. "भुलीत स्वप्नं पडतात, बाई. मनावर घेऊ नका."

"पडत असतील," एव्हांथिया म्हणाली. "मिलियेसच्या घराचं भावाला सांगितलंत का?"

त्याचा हात खांद्यावरच थांबला. मागे उभ्या असलेल्या मिर्तोचा चेहरा पांढराफटक पडला. सर्जन पुढच्या खाटेकडे गेला.

एव्हांथिया घरी आली ती वेगळीच होऊन आली. उताणं झोपणं तिला सोसेना. जेवताना, टीव्ही बघताना ती पायाची बोटं हलवत राहायची, हलतात ना, हे बघत. पण खरी गोष्ट याच्या पुढची. ती तिला कळली आईची चादर बदलताना.

तिची आई, पोलिक्सेनी, दोन वर्षांपासून मागच्या खोलीत पडून होती. मेंदूचा झटका आला आणि त्यातून जीव तेवढा वाचला. डोळे उघडे असत, चमच्याने घातलेलं गिळत असे, बाकी काही नाही. हाक मारली तर बघत नसे, चिमटा काढला तर फार तर हात किंचित आखडे. शरीर चालू आहे, आत कुणी नाही, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरच्यांनी रडून घेतलं आणि मान्य केलं. तेव्हापासून कपाटासमोर बोलावं तसं सगळे तिच्यासमोर बोलायचे. थडग्यावर लावायचा फोटो दोघी बहिणींनी तिच्या पायाशी बसूनच निवडला होता. लारिसाहून आलेली धाकटी फोतिनी कॉफीचा कप हातात धरून म्हणाली होती, "देवाने उचललं तर तिचीही सुटका आणि आपलीही." आणि एव्हांथियाने चादर झटकत "हो ना" म्हटलं होतं.

आता तीच चादर हातात होती आणि आईचे डोळे छताकडे लागले होते. आपण थोडा वेळ तसे पडलो तर वेड लागायची पाळी आली. ही दोन वर्षं जागी असेल तर?

"आई," ती वाकून म्हणाली. "आई, ऐकू येतंय तुला?"

आईने पापणी मिटली आणि उघडली. पण ती तशी दिवसभर मिटतच असे.

त्या दिवसापासून एव्हांथियाला चैन पडेना. तिने आईच्या खोलीत रेडिओ नेऊन ठेवला. दुपारी काढून आणला. आईला ते स्टेशन आवडत नसेल आणि सांगता येत नसेल तर? पलंग खिडकीकडे फिरवला, मग ऊन डोळ्यांवर येईल म्हणून परत भिंतीकडे. स्टेर्यिओस निमूट पलंग ढकलत राहिला. चौथ्या खेपेला मात्र म्हणाला, "अगं, ती असेल आत, तर तिला बोट लागायची एव्हाना."

"चेष्टा करू नकोस तिच्यासमोर!"

तो पलंगाकडे बघून हळूच म्हणाला, "चुकलो, सासूबाई."

अखेर त्यानेच तिला बळेबळे बाहेर काढलं आणि बंदरावर त्सिपुरो दारूच्या गुत्त्यात नेलं. तिथे त्याचे मित्र आर्सेनिस मास्तर नेहमीप्रमाणे तळलेल्या शिंपल्यांसमोर बसले होते. जन्मभर त्यांनी शाळेत तत्त्वज्ञान शिकवलं होतं. एव्हांथियाने बसल्याबसल्या विचारलं, "मास्तर, माणूस आत आहे की नाही, हे कसं ओळखायचं?"

"ओळखता येत नाही," मास्तर म्हणाले. "मन काय करतं ते दिसतं. बोलतं, हिशेब करतं, भांडतं. पण ते सगळं कुणाला तरी जाणवतंय का, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. आता हा स्टेर्यिओस समोर बसलाय. आत दिवा लागलाय की नुसतं घर उभं आहे, मला सिद्ध करता येणार नाही."

"मीही तीस वर्षं तेच शोधतेय," एव्हांथिया म्हणाली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. स्टेर्यिओसने ग्लास उचलून होकार दिला.

पण हसू टिकलं नाही. "म्हणजे तुम्ही शिकवलंत काय एवढी वर्षं?"

मास्तरांनी शिंपला खाली ठेवला. "प्रश्न शिकवला, बाई. एक मात्र सांगतो. आपल्या भाषेत जाणिवेला आणि मनाला टोचणी लावणाऱ्या त्या आतल्या आवाजाला शब्द एकच आहे. तुम्ही मला पहिलीबद्दल विचारताय आणि छळतोय तुम्हाला दुसरा."

ती उठलीच. त्सिपुरो तसाच राहिला.

पुढल्या रविवारी ती पाद्रीबाबांकडे गेली. पापा-लाम्ब्रोस म्हातारे, गुडघेदुखीने बेजार, पण आईला प्रसाद द्यायला दर महिन्याला न चुकता जिने चढून येणारे. त्यांना सगळे लाडाने पापूली म्हणायचे.

"बुद्धी डोक्यात असते, पोरी," ते म्हणाले. "पण देवाला बघणारा डोळा हृदयात असतो. डोकं मोडलं म्हणून तो डोळा फुटत नाही. तुझी आई आहे. म्हणून तर मी येतो."

"मग पापूली, मी जागी व्हायच्या आधी कुठे होते?"

"म्हणजे?"

"झोपेत कळतं की आपण झोपलो होतो. तिथे मी नव्हतेच. औषधाचं एक इंजेक्शन, आणि मी नाही. आत्मा जर मोडत नाही, तर औषधाने जातो कुठे?"

पापा-लाम्ब्रोसनी दाढीवरून हात फिरवला. "ठाऊक नाही," ते म्हणाले. "देवाच्या हातात असतो, असं मी मानतो. पण ठाऊक आहे असं म्हटलं तर खोटं होईल."

खोटा धीर देण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं. पण जीव शांत झाला नाही, घरी येताना पाय पळतच होते.

त्यानंतर एका संध्याकाळी मिर्तो स्वतःहून दारात उभी राहिली. हातात मिठाईचा डबा. आत येऊन बसायच्या आधीच ती म्हणाली, "भुलीच्या औषधाची नळी दुमडली होती. हातपाय सैल ठेवणारं औषध जात होतं, भुलीचं जात नव्हतं. माझ्या लक्षात उशिरा आलं. हॉस्पिटलच्या चौकशीत मी हेच सांगितलंय. तुम्हाला स्वप्न पडलं नव्हतं."

एव्हांथियाने तिच्यावर तोंडसुख घ्यायचं कधीपासून योजून ठेवलं होतं. पण आता तिने मिर्तोचा हात धरला आणि तिला सरळ मागच्या खोलीत नेलं. "मला सोड. हिच्याकडे बघ. ही आहे का आत?"

मिर्तो पलंगाशी बसली. पोलिक्सेनीच्या डोळ्यांसमोर आरसा फिरवला, कानाशी बोलली, बोट दाबायला सांगितलं. बोट दाबलं गेलं नाही.

"परदेशात अशा काही माणसांना मोठ्या यंत्रात ठेवून सांगतात, मनातल्या मनात घरभर हिंडा," ती म्हणाली. "बहुतेकांच्या मेंदूत काही होत नाही. काहींच्या मेंदूत मात्र हिंडणाऱ्या माणसासारखीच खळबळ उठते. बाहेरून दोन्ही प्रकारची माणसं सारखीच दिसतात."

"आणि ही?"

"या इतक्या थकल्यात की तो प्रवास झेपणार नाही. आणि यंत्राला काही दिसलं नाही, म्हणजे आत कुणी नाही, असंही म्हणता येत नाही. कालपर्यंत मी खात्रीने बोलायचे, एव्हांथियाबाई. आता नाही बोलत."

त्या रात्री दोघींनी स्वयंपाकघरात मिठाई खाल्ली आणि पोलिक्सेनीचा विषय काढला तो दार लावून.

मग एव्हांथिया आईशी बोलायला लागली. कामावरून आली की बंदराच्या बातम्या, कोण कुणाबरोबर पळालं, कुठली बोट लागली नाही. सुरुवातीला लाज वाटायची, मग नाही. एक दिवस दालचिनी घातलेला दुधातला भात भरवताना तिने हातातला चमचा थांबवला. "आई, फोतिनी काय बोलली आणि मी हो म्हणाले, ते ऐकलं असशील तर हा घास गिळू नकोस."

घास तोंडात गेला. आईचा गळा हलला नाही. एव्हांथिया पुढे वाकली. भात ओठाच्या कोपऱ्यातून ओघळू लागला. तिने तो पुसला, आणि पुसता पुसता हुंदका फुटला. "माफ कर गं. दमले होते. खरंच दमले होते." बऱ्याच वेळाने आईने गिळलं.

दुसऱ्या दिवशी तिने तेच पुन्हा विचारलं. आईने लगेच गिळलं. तिसऱ्या दिवशी खोकल्याची उबळ आली आणि काहीच कळलं नाही. तिने मिर्तोला फोन केला. "एकदा घडलं त्यावरून काही ठरत नाही," मिर्तो म्हणाली, "पण मलाही आता झोप लागणार नाही."

शरद ऋतूत पोलिक्सेनीला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. फोतिनी लारिसाहून धावत आली. आईला शेवटचे कपडे घालायला बायका यायच्या होत्या, तोवर दोघी बहिणी आईच्या खोलीच्या दारापाशी उभ्या होत्या.

"सुटली बिचारी," फोतिनी म्हणाली.

एव्हांथियाने तिचं मनगट धरलं आणि तिला खोलीबाहेरच्या बोळात ओढलं. "तिथे नको बोलूस असं."

"अगं, आता तरी... गेली ना ती!" फोतिनीचा आवाज चिरका झाला. तिने बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. "एवढे दिवस फोनवर काय काय सांगत होतीस. खरंच ऐकत असेल का ती?"

"माहीत नाही."

"नाही, पण तुला काय वाटतं?"

"रोज वेगळं वाटतं. तू काय बोलली होतीस ते आठवतंय का?"

पायातल्या चपला तिथेच काढून फोतिनी आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एव्हांथियाने कान लावला नाही. ती बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. बायका जिना चढून आल्या तेव्हा तिने त्यांना हाताने थांबवलं.

"जरा दम धरा," ती म्हणाली. "त्या दोघींचं बोलणं चाललंय."