बंद गाडीचा भाव

बाबांची मोटारसायकल आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला टेकून अकरा वर्षं उभी होती. काळी, टू-स्ट्रोक, टाकीचा रंग मांडी घासून घासून उडालेला, दोन्ही टायर बसलेले. सोसायटीचे सेक्रेटरी दर मीटिंगला विचारायचे, "ये भंगार कब निकालोगे?" आणि मी दर मीटिंगला सांगायचो, "अगले महिने." असून अडचण आणि नसून खोळंबा म्हणतात ना, तसला प्रकार. अडचण सगळ्यांना दिसायची, खोळंबा फक्त आमच्या घराला माहीत होता.

कारण बाबा रोज सकाळी सव्वासातला त्या गाडीवरून कामाला जायला निघायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांची आठवण जायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार हेही सांगून टाकलं. आपण रिटायर झालो हे बाबा सगळ्यात आधी विसरले. पंचवीस वर्षं ते भाईंदरहून घोडबंदर रोडने ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून याच गाडीवरून गेले, तेवढं मात्र हाडात मुरलेलं. इस्त्रीचा शर्ट घालायचा, दाराजवळच्या खिळ्यावरची चावी घ्यायची, खाली जायचं. गाडीवर बसून चोक ओढायचा आणि दहा-बारा किका मारायच्या. मग घाम पुसत वर यायचे आणि मला म्हणायचे, "आज काय चालू होत नाही. कंपनीत फोन करून सांग, दांडी." मी बंद फोन कानाला लावून हॅलो हॅलो करायचो. बाबा शर्ट खुंटीला लावायचे, चहा प्यायचे आणि दिवसभर मजेत घरात बसायचे. हक्काची सुट्टी टाकलेला माणूस तो, कशाला बाहेर पडेल?

आम्ही नवरा-बायको दोघं नोकरीवाले. नऊच्या आत घर रिकामं. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती मावशी दिवसातून दोनदा डोकावायच्या, त्यावर आमचं चाललं होतं. पण गेल्या हिवाळ्यात बाबांनी गॅस चालू केला आणि पेटवायचा विसरले. मावशींना वास आला म्हणून निभावलं. त्या रात्री बायको म्हणाली, "दिवसभराचा माणूस ठेवायलाच लागेल आता." पेशंट सांभाळायला माणसं देणाऱ्या ब्युरोत चौकशी केली. त्यांनी महिन्याचा आकडा सांगितला तो ऐकून मी फोनच ठेवला.

आणि मग एके दिवशी मोबाइलवर मला तीच गाडी दिसली. तेच मॉडेल, चकाचक केलेलं, आणि किंमत अशी की मी चष्मा काढून पुसला. हल्लीची पोरं या जुन्या गाड्यांसाठी वेडी झालीत म्हणे. म्हटलं, च्यायला! भिंतीला टेकून वर्षभराचा माणूस उभा आहे आणि आपण त्याला भंगार म्हणतोय! गाडी नीट करायची, विकायची, त्यातून बाबांसाठी माणूस ठेवायचा. बाबांची गाडी बाबांच्याच कामी येईल. किती सरळ हिशोब होता. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा.

बायको एवढंच म्हणाली, "आणि सकाळी ते किक कशाला मारणार?"

"विसरतील," मी म्हटलं. "सगळं विसरतात, हे नाही विसरणार?"

हे वाक्य मी बोललोय. नंतर कितीही वाटलं तरी ते काही परत गिळता येत नाही.

काशीगावात एक म्हातारा मेकॅनिक आहे, जुन्या गाड्यांचा माहीतगार. एका रविवारी तो पिशवी घेऊन आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, किक हाताने दाबून बघितली आणि म्हणाला, "इंजिन जाम न्हाय. बंद गाडीला भाव न्हाय, भाऊ. चालू झाली तर डबल. पयले चालू करून बघू, मग काय लावायचा ता लावा." ट्यूब बदलल्या, हवा भरली, कार्बोरेटर उघडून धुतला, नवा प्लग टाकला. मी पंपावरून बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल आणलं. अर्धाच, कारण उगाच कशाला जास्त खर्च.

सातव्या किकला ती पेटली. निळा धूर, फटफट आवाज, सगळ्या बिल्डिंगची लोकं गॅलरीत. मी तर वेड्यासारखा मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो, गिऱ्हाइकाला दाखवायला. तेवढ्यात बाबा बनियनवरच खाली आले. कोणाकडे बघितलं नाही. गाडीजवळ वाकले, कान लावला आणि मेकॅनिकला म्हणाले, "आयडल कमी कर. आणि सायलेन्सर काढून आतली काजळी जाळ, दम कोंडतोय तिचा."

मेकॅनिक चाटच पडला. मला म्हणाला, "बरोबर बोलतात ते."

मग तासभर दोघं गाडीशी झटत होते. बाबा पाना मागायचे तो नंबरासकट. हात थरथरत नव्हते. तीन वर्षांत मी माझ्या बापाला असं बघितलं नव्हतं. त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "चावी काढून ठेव हं खिळ्यावरची." मी म्हटलं, "ब्रेक तरी कुठे लागतायत तिचे, कोण चालवणार? ठेवतो सकाळी." अकरा वर्षं ती चावी निर्धास्त लटकत होती. ती काढून ठेवायची असते हेच अंगवळणी नव्हतं.

सकाळी मी दाढी करत असताना खाली फटफट सुरू झाली. साबण तसाच घेऊन गॅलरीत धावलो, तर बाबा गेटमधून बाहेर पडत होते. वॉचमनने चक्क सलाम ठोकला! "अंकल की गाडी चालू हो गई," असं तो मलाच आनंदाने ओरडून सांगत होता.

पुढचा दीड तास मी कसा काढला ते मलाच माहीत. रिक्षा करून आधी स्टेशन रोड, मग हायवे. बाजूने कंटेनर गेला की मी रिक्षातून मान बाहेर काढून त्याच्या चाकांपुढे बघायचो. ब्रेक नसलेली गाडी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि ती चालू करून देणारा मी. हात दाखवून अवलक्षण ते हेच. देवाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

नऊच्या सुमाराला ट्रॅफिक हवालदाराचा फोन आला. शर्टाच्या खिशात बायकोने आमचा नंबर शिवून ठेवला होता. बाबा घोडबंदर रोडच्या तोंडाशी वरसाव्याला, खाडीच्या पुलाच्या अलीकडे होते. अर्ध्या लिटरातलं उरलंसुरलं पेट्रोल तिथे संपलं होतं. मी पोचलो तेव्हा ते रस्त्याच्या कडेला किक मारत होते, अगदी अंगाजवळून ट्रक चाललेले. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलास. लेट मार्क लागणार आज." माझ्या कंजूसपणाने माझा बाप वाचला. याहून मोठी लाज कुठली असेल ती मला माहीत नाही.

त्याच दिवशी टेम्पोने गाडी काशीगावला पाठवली. मेकॅनिक म्हणाला, "दोन महिने द्या, वसईची पार्टी तयार हाय." मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला बाबा खाली गेले. भिंतीपाशी फक्त तेलाचा डाग. आधी त्यांनी वॉचमनला चोर म्हटलं, मग सेक्रेटरींना. मग मांडी घालून त्या डागावर बसले. उन्हात. दुपारी एकला आम्ही दोघांनी धरून वर आणलं. तिसऱ्या दिवशी बसलेही नाहीत. गाडी गेली तर गेली, माणसाने कामाला जायला पाहिजे, म्हणून ठाण्याला चालत निघाले. बायकोने त्यांना रस्त्यावर अडवलं तर तिचा हात झिडकारून म्हणाले, "सोडा बाई, ओळख ना देख." ती घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

चौथ्या दिवशी मी काशीगावला गेलो आणि म्हटलं, "गाडी परत द्या. आणि ती चालू होणार नाही असं काहीतरी करून द्या. पण दिसता कामा नये. त्यांना गाडीतलं सगळं कळतं."

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. "लोकं चालू कराला येतात माझेकडं," तो म्हणाला. "बंद कराला तुमीच पयले." पण टाकीखाली हात घालून त्याने एक वायर काढली, आणि वरून टेप मारून होती तशी दिसेल अशी बसवली. पैसे घेतले नाहीत.

वसईच्या पार्टीचा फोन अजून येतो. मी सांगतो, नंतर बघू. नंतर म्हणजे कधी, हे माझ्या मनात येतं आणि मी स्वतःलाच शिव्या घालतो. बाबा आहेत तोवर गाडी विकता येत नाही. ती विकल्याशिवाय माणूस ठेवता येत नाही. बायकोने बिनपगारी रजा टाकलीय, ती किती दिवस पुरणार?

परवा सकाळी मी खाली उभा होतो. बाबा किक मारत होते. पण आता ते दहा-बारा किकांवर सोडत नाहीत, गाडी चालू होते हे त्यांच्या आत कुठेतरी पक्कं बसलंय. प्लग काढला, पुसला, लावला. पुन्हा किक. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या आता."

त्यांनी वर बघितलं. अगदी सभ्यपणे, परक्या माणसाकडे बघावं तसं.

"करंट येत नाहीये," ते म्हणाले. "तुम्हाला कळतं का गाडीतलं काही?"

मी म्हटलं, "नाही."

"असू दे," बाबा म्हणाले. "माझा मुलगा येईलच आता. तो मला असं रस्त्यात अडकू द्यायचा नाही."