शालीची उलटी बाजू

गल्लीच्या तोंडाशी, चष्म्याच्या दुकानाला खेटून एक रफूचं दुकान आहे. एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने पायरीवर उभं राहून बोलायचं, एवढीच जागा. आत बसलेला माणूस म्हणजे तपासराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर ते वर बघतीलच असं नाही.

कोट हातात आला की आधी तो उलटा करायचा, अस्तर चाचपायचं, शिवण नखाने जराशी उकलून आत डोकवायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं, ही त्यांची रीत.

"उंदराने कुरतडलं हो."

"उंदीर विडी ओढत होता का?" तपासराव भोकाच्या जळक्या कडा दाखवतात.

रफूवाल्याचं सगळं कसब फाटलेलं लपवण्यात. आयुष्यभर हेच केल्यामुळे तपासरावांची एक ठाम समजूत झाली होती: जे धड दिसतं ते कुठेतरी फाटलेलं आहे आणि कुणीतरी पैसे घेऊन ते झाकलंय. भाजीवाली त्यांना टोपली आपणहून पालथी करून दाखवायची. औषधाच्या दुकानातला माणूस त्यांना बघितलं की चष्मा काढून डोळे चोळायचा.

जगात फक्त एका माणसाची उलटतपासणी त्यांनी केली नव्हती, ती म्हणजे त्यांची बायको. गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणतात. लग्न ठरायच्या आधी हे तिच्या घरी गेले होते, तेव्हा टेबलावर भरतकाम केलेला रुमाल होता. सवयीने यांचा हात त्या रुमालाकडे गेला. तो कोपऱ्याला लागायच्या आत ती म्हणाली, "माझं काम नाही ते. विकतचं आहे." सासरेबुवा खोकले. तपासरावांनी हात मागे घेतला आणि ते चहा प्यायले. लग्न झालं.

वहिनी बाळंतिणींच्या दवाखान्यात कामाला होत्या. जन्मलेल्या बाळाचा पाय शाईत बुडवून कागदावर ठसा घ्यायचा, हे त्यांच्याकडे असायचं. निवृत्त झाल्यावर कुठल्याशा कॅलेंडरवर त्यांना एक चित्र दिसलं. दूरच्या डोंगरातली एक गुहा आणि तिच्या भिंतीभर हात. भिंतीवर हात टेकवून वरून गेरू फुंकलेला, म्हणजे हाताची जागा तेवढी कोरी. तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचे ते हात. महिना संपला तरी वहिनींनी पान फेकलं नाही, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

"हा बघा," त्या खालचा इवलासा पंजा दाखवून म्हणायच्या, "वर्षाचंही नसेल हे पोर. एवढं मूल हात स्थिर ठेवत नाही हो, मला विचारा. कुणीतरी मनगट धरलं असणार. धरणाऱ्याचंही काही उमटलंय का, ते बघायचंय मला. चित्रात तिथेच नेमकं कॅलेंडरवाल्याचं नाव छापलंय."

"मुद्दाम छापलं असेल," तपासराव म्हणायचे.

शेवटी मेहुणीने, म्हणजे वहिनींच्या धाकट्या बहिणीने, तिघांची नावं एका ग्रुप टूरमध्ये घातली. डोंगर, सरोवर, धबधबा आणि सगळ्यात शेवटी ते गुहेचं गाव. वहिनींनी चढाचे बूट घेतले आणि ते पायात मुरावेत म्हणून महिनाभर घरात घालून फिरल्या. पोळ्या लाटतानासुद्धा बूट.

टूरवाला गोरागोमटा, गळ्यात शिट्टी अडकवलेला, हसरा माणूस होता. दर वाक्याची सुरुवात "मंडळी" अशी करायचा. तपासरावांना तो पहिल्याच दिवशी खटकला.

"हा इतका हसतो का?"

"त्याचं पोट भरतं त्याच्यावर," मेहुणी म्हणाली. "तुम्हीही जरा हसून बघा भावजी, दुकानाला रंग लावावा लागणार नाही."

सरोवर गुलाबी होतं. तपासरावांनी वाकून रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं, उन्हात धरलं. डाग पडला नव्हता. "रंग पक्का आहे," ते म्हणाले. मेहुणीने ते वाक्य बसमध्ये सगळ्यांना सांगितलं आणि लोक जेवणापर्यंत हसत राहिले.

पण धबधब्याने घात केला. सगळे कठड्याशी उभे असताना तपासराव बाजूच्या पायवाटेने वर गेले आणि परत येऊन टूरवाल्यासमोर उभे राहिले. "वर लोखंडी दार आहे."

टूरवाल्याचं हसू जरा ओसरलं. "मंडळी, म्हणजे कसं आहे, वर धरण आहे. या दिवसांत सकाळी लोकांसाठी पाणी सोडतात."

"म्हणजे नळ."

"पाणी तर खरं आहे ना?" मेहुणी म्हणाली. पण तपासरावांना आता कोण आवरणार. त्यांनी बसमधल्या सीटचं कव्हर उलटं केलं, हॉटेलातल्या मधाची बाटली उलटी केली, डोंगरातल्या दगडांची म्हणून विकल्या जाणाऱ्या माळेची गाठ सोडवली. सहप्रवासी त्यांच्या शेजारी बसेनासे झाले. एक निवृत्त मास्तर तर त्यांना बघितलं की आपला कोट बगलेत घट्ट धरायचे.

शेवटच्या गावाला बस लागली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता ऐका. गुहेत कुणाला न्यायचं, कुणाला नाही, हे इथल्या गावचीच माणसं ठरवतात. टूरवाल्याच्या हातात काही नाही. तुम्ही तोंड बंद आणि हात खिशात. गुहा बघून होईपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर मला उलटं टांगलंत तरी चालेल."

गाव उतारावर होतं, दगडी भिंतींचं, दारांसमोर चुली. पाहुणे आले म्हणून बायकांनी फेर धरला. प्रत्येकीच्या खांद्यावर जाड विणीची तपकिरी शाल. टूरवाल्याने आधीच बजावलं होतं: फोटो विचारून, आणि अंगावरच्या शालीला हात लावायचा नाही.

"का नाही?" तपासराव वहिनींच्या कानाशी म्हणाले. "मशीनवरची असणार. उलटी केली की दिसतं."

"हात."

"खिशातच आहेत. ती पोरगी बघ, खेळाचे बूट घातलेत तिने."

"दगडावर नाचायचं तर काय अनवाणी नाचेल? तुम्ही नाचा."

बूट घातलेली ती मुलगी शहरात शिकत होती आणि सुट्टीत आली होती. तिला आपली भाषा येत होती, म्हणून बोलणं तिच्यामार्फतच चाललं होतं. तिची आजी भिंतीला टेकून उन्हात बसलेली. आज गुहा दाखवायची पाळी त्यांच्या घराची, म्हणजे हो की नाही हे म्हातारीनेच म्हणायचं. तिच्या मांडीवर मोबाइल होता आणि ती नाच न बघता त्यातच काहीतरी बघत होती. तपासरावांना तेही खटकलं. ते तिच्या शेजारच्या दगडावर जाऊन बसले. म्हातारीच्या शालीचं टोक त्यांच्या गुडघ्याशी लोळत होतं.

हात खिशातून कधी बाहेर आला हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. अंगठा आणि तर्जनी, बस. टोक उलटं झालं.

आतून ती शाल म्हणजे एक रणधुमाळी होती. लाल, पिवळे, निळे, हिरवे ठिगळागत जाडेभरडे टाके, कुठे फुगलेले, कुठे आवळलेले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

"अरे, हे कुणी असं केलंय?" तपासराव मोठ्याने म्हणाले. दुकानात म्हणतात तसं.

फेर थांबला. म्हातारीने शाल हिसकून घेतली आणि नातीला काहीतरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण नातीचं तोंड उतरलं.

"आतली बाजू घरच्यांनीच बघायची असते," मुलगी म्हणाली. "आजी म्हणते, गुहा आज नाही."

टूरवाला मंडळी म्हणायचं विसरला. मास्तर म्हणाले, "मला माहीत होतं, हा गृहस्थ कुठेतरी असं करणार." आणि वहिनी खाली बसल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून एकमेकांत बसवले, पिशवीत घातले आणि पिशवीतल्या चपला पायात घातल्या. यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शिव्या घातल्या असत्या तर तपासरावांनी त्या झेलल्या असत्या. पण त्या चपला त्यांना बघवेनात. ते उठले आणि म्हातारीपुढे जाऊन उभे राहिले. कॉलर उलटी केली. आत सुई टोचलेली होती; ती कायम असते.

"सांग आजीला, मी रफू करतो. माझा हात वाईट हेतूने गेला नाही." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, संशय होताच. पण आता माझ्या चुकीसाठी हिला परत पाठवू नका. मला काय सांगाल ते करतो."

म्हातारीने सुईकडे बघितलं. मग यांच्याकडे. मग नातीशी पुष्कळ वेळ बोलली, मध्ये बाकीच्या बायकाही बोलल्या, एकीने तर यांच्याकडे बोट दाखवून हात झटकला.

"आजी म्हणते, आत बघितलंत तर टाका घाला. टाका घालतो तोच घरचा." मुलीने शालीतलं ताजं भोक दाखवलं, काट्यात अडकून झालेलं. "काकू म्हणतायत, याला फार स्वस्तात सोडलं."

तपासराव खाली बसले. आता ते आपल्या राज्यात होते. शालीच्या झालरीतूनच दोन धागे ओढून घेतले, उभे धागे जोडले, आडवा त्यांच्यातून खालून-वरून नेला, शेवट विणीत जिरवला आणि अंगठ्याने घासलं. शाल परत दिली आणि मास्तरांकडे एक नजर टाकली.

म्हातारीने भोक शोधलं. सुलट्या बाजूने शोधलं, आतून शोधलं, उन्हाकडे धरून शोधलं. बायका गोळा झाल्या. मग म्हातारी काहीतरी बोलली आणि मुलगी ओशाळली.

"ती म्हणते, तुम्ही काही केलेलंच नाही."

"केलं की. समोरच तर केलं."

"मग कुठाय, म्हणते. म्हणते, घडी फिरवून भोक दुसरीकडे लपवलं असणार."

"अगं, दिसत नाही हेच तर काम आहे."

मुलीने ते सांगितलं. म्हातारीचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. तिने शाल पूर्ण उलटी पसरली, हाताने इंच इंच चाचपली. ते पुरेना, म्हणून तपासरावांची बाही धरून उलटी केली, कॉलर उलटी केली, शर्टाचं टोक वर करून आत बघितलं. ग्रुपमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. तपासराव हात वर धरून उभे. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं, की ते खरं बोलत होते आणि दाखवायला काही नव्हतं.

"आजोबा," मुलगी म्हणाली, "दिसला पाहिजे टाका. हा निळा आजीच्या सासूचा. हा पिवळा माझ्या आईचा, हा हिरवा माझा, शाळेत असताना घातलेला, तोच सगळ्यात वाईट. दिसला नाही तर पुढच्याला कसं कळणार कुणाचा हात लागला?"

वहिनींनी मान वर केली. एवढा वेळ त्या चपलांकडे बघत होत्या.

तपासरावांनी स्वतःचं रफू कधी उसवलं नव्हतं. आता उसवून पुन्हा घालायचं तर ते त्यांनाच सापडेना. डोळे मिटून बोटाने शोधावं लागलं. म्हातारीने लाल धागा दिला, सुतळीसारखा जाड. पहिला टाका त्यांनी सवयीने बारीक घातला. म्हातारीने "च्" केलं. दुसरा मोठा. तिसरा तिरका गेला. जणू पहिल्या दिवशी उमेदवारीला बसलेत. लाल, बेढब, आंधळ्यालाही दिसेल असा तो सुरवंट म्हातारीने डोळ्याजवळ धरून बघितला आणि वरच्या वाटेकडे हात केला.

"जा म्हणते. तुम्ही सोडून. तुम्ही अजून हे टोक पुरं करायचंय."

वहिनींनी परत बूट चढवले. जाताना एवढंच म्हणाल्या, "नीट करा. म्हणजे, वाईट करा."

उन्हं कलली तेव्हा सगळे उतरले. गुहेत फोटो काढायचे नव्हते, तेव्हा कुणाकडे दाखवायला काही नव्हतं. बस सुटली तरी वहिनी खिडकीबाहेरच बघत होत्या. तपासराव थोडा वेळ कळ काढून बसले, मग राहवेना.

"मी काय म्हणतो, दर ग्रुपमध्ये माझ्यासारखा एखादा निघत असणार. मुद्दाम टोक लोंबतं ठेवायचं. त्याशिवाय इतके रंग? फुकटात शाल दुरुस्त."

"असेल," वहिनी म्हणाल्या.

"सासूचा टाका म्हणे."

"असेल नसेल."

बराच रस्ता गेला. मग तपासरावांनी हळूच विचारलं, "ते लहान पोर. होतं?"

वहिनींनी यांचा हात मांडीवर ओढून घेतला, मनगट धरलं आणि अंगठा नाडीवर टेकवला. "इथे. एवढाच, अंगठ्याचा शेंडा. बाकी हात गेरूखाली गेलाय. पण धरलं होतं कुणीतरी."

"नक्की? सावली-बिवली नसेल? मागाहून कुणी काढलं नसेल?"

"मी कुठे भिंत उलटी करून बघितली."

पुढच्या सीटवरून मेहुणी हसली. तपासरावांनी हात तसाच राहू दिला.

आता दुकानात कोट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते त्या गुहेतलं सांगतात. पोराचा पंजा, मनगटाशी अंगठ्याचा शेंडा, वरून फुंकलेला गेरू, सगळं. परवा चष्मेवाल्याने पायरीवरून विचारलं, "एवढं बारीक दिसलं तुम्हाला? स्वतः बघितलंत?"

"आमच्या हिने बघितलंय," तपासराव चिडून म्हणाले आणि त्याचा कोट ओढून उलटा केला.