धारेच्या वेळेआधी परत

आईला थंडीचा दमा होता. दिवाळी सरली की तिची छाती वाजायला लागायची, आणि पौषात तर ती भिंतीला टेकून, बसूनच झोपायची. आमचं घर कोल्हापूरच्या वेशीबाहेर, नदीजवळ. पहाटे असं धुकं बसायचं की घरातून गोठा दिसायचा नाही. मी बारावीत होते त्या वर्षी डॉक्टरांनी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्पष्टच सांगितलं की ऐन थंडीत हिला आठ दिवस समुद्राकाठी उबेला ठेवा.

आण्णा शिरोलीला फाउंड्रीत भट्टीवर होते. दिवसभर आगीपुढं उभा राहणारा माणूस ऊब शोधायला निघाला. पोरीसाठी स्थळ बघावं तशी त्यांनी समुद्राची चौकशी केली. कोणी मालवण सांगितलं, तर दुसऱ्यानं तिथंही पहाटे गार वारा सुटतो म्हणून मोडता घातला. शेवटी रत्नागिरीकडच्या एका लॉजवाल्याला त्यांनी एसटीडी बूथवरून फोन लावला आणि पौषात तुमच्याकडं गरम असतंय का, असं विचारलं. सकाळी आठपर्यंत बादलीभर मिळतं, असं तो म्हणाला. आण्णांनी कपाळाला हात लावला आणि हवेचं विचारलं. पंख्याशिवाय झोप येत नाही, हे उत्तर ऐकून ते खूश होऊन घरी आले.

आता अडली ती म्हैस. ती आईशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही, सरळ पान्हा चोरायची. शेजारच्या काकींनी बसून बघितलं, तर लाथेनं बादली गोठ्याबाहेर गेली. आण्णांनी आईचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन प्रयत्न केला. म्हशीनं त्यांना हुंगलं आणि मग लाथ घातली. आम्ही पोट धरून हसलो, आई तर हसता हसता खोकून बेजार झाली.

मी हसत होते, पण मला एक गोष्ट माहीत होती. महिन्याभरापूर्वी धार काढताना आईला खोकल्याची उबळ आली आणि ती पाणी प्यायला घरात गेली. मी सहज तिच्या जागी बसले. म्हशीनं कान हलवले आणि निमूट पान्हा सोडला. आईची पावलं ऐकली तशी मी उठले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हशीनं एकदा हात ओळखला की तो हात गोठ्यात अडकला, हे मी आईकडं बघून शिकले होते. आणि खरं सांगायचं तर मलाही समुद्र बघायचा होता. आमच्यात तो कुणीच बघितला नव्हता. मी धार काढते म्हटलं असतं तर ते दोघं आठ दिवस गेले असते, आणि मी शेणघाण करत मागं राहिले असते.

म्हणून मग आठ दिवसांचा एक दिवस झाला. पहाटेची धार काढून निघायचं, संध्याकाळच्या धारेपर्यंत परत. भाड्याच्या जीपमध्ये आई शाल आणि मफलर गुंडाळून बसली होती. शाहूवाडीपासून आंबा घाट उतरेपर्यंत ती बोललीच नाही, नुसती धापा टाकत होती.

अकराच्या सुमाराला आम्ही वाळूत पाय ठेवला. वाळू चटका बसेल इतकी तापली होती. आईनं मफलर सोडला, शाल काढली, मग स्वेटरही काढला. मी लाटांत कमरेपर्यंत भिजून परत आले तेव्हा ती पाय पसरून बसली होती आणि तिची छाती वाजत नव्हती. इतकं शांत बसलेलं मी तिला हिवाळ्यात कधी पाहिलं नव्हतं.

दोन वाजता आण्णांनी घड्याळ बघितलं. तेव्हा आई म्हणाली, "आजची रात हितंच ऱ्हायलं तर?"

तिनं जन्मात काही मागितलेलं मला आठवत नाही. आण्णा कासावीस झाले. म्हशीची कास सुजेल, असं कसंबसं म्हणाले. आई त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. मी मान खाली घालून पायांची वाळू झटकत बसले.

परतताना घाट चढला तशी तिची छाती पुन्हा सुरू झाली. घरी पोचलो तेव्हा म्हैस हंबरत होती. आई तशीच गोठ्यात गेली, आणि मला ते बघवेना. तू सरक, मी बसते, असं म्हणाले. ती काही न विचारता उठली. म्हशीनं मला लगेच पान्हा सोडला.

"मला ठाव हाय की," आई म्हणाली. "त्या दिवशी पाणी प्यायला गेलो तवा बादलीत तांब्याभर हुतं. आलो तर निम्मी भरल्याली."

मग आण्णांना का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

"बोललो असतो तर तू घरात ऱ्हायली असतीस. समुद्र तूबी कुठं बघितला हुतास?"

मला रडू आलं आणि रागही आला, तिचा आणि त्याहून माझा. ती दाराला टेकून खोकत होती आणि म्हैस माझ्या हाताला गुमान दूध देत होती.