इब्राहिमभाईंचा चांद

इब्राहिमभाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या सावलीकडे बघत. अकोल्याच्या बाजारात समोरून कोणी ओळखीचा आला, की यांची नजर खाली त्याच्या पायांपाशी. सावली किती लांब पडली आहे, तिची कड धारदार आहे की पुसट, हे एकदा बघून घ्यायचं आणि मग मान वर करून सलाम करायचा. नवख्याला वाटे, हा गृहस्थ आपल्या जोड्यांची पारख करतो आहे. मलाही पहिल्या भेटीत तसंच वाटलं होतं, आणि माझे जोडे तेव्हा पारख करण्याजोगे मुळीच नव्हते.

मी रत्नागिरीकडचा. वडील बंदरावर कारकून होते. सरकारी शाळेत मास्तर म्हणून माझी अकोल्याला नेमणूक झाली, तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपलेली होती. तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. गाड्यांच्या रांगा गावाबाहेरपर्यंत लागत. वाटेवरच्या बाभळींना जागोजाग कापूस लटकलेला असे. हातात पैसा खेळू लागला, की माणसाला आपलं तोंड जपून ठेवावंसं वाटतं. अकोल्यात तोंडं जपून ठेवण्याचं काम इब्राहिमभाई करत. मूळचे बाळापूरचे. मुंबईत एका पारशी तसबीरकाराकडे दहा वर्षं राहून त्यांनी ही विद्या मिळवली होती. त्या पारशाला ते 'उस्ताद' म्हणत, आणि म्हणताना प्रत्येक वेळी हात कानाच्या पाळीला लावत. उस्ताद वारले तेव्हा त्यांची तसबिरी काढायची पेटी आणि भिंग यांच्याकडे आलं, आणि हे गावाकडे परतले.

तसबीर काढण्याचा त्यांचा सगळा खटाटोप मी पुढे बसून बघत असे. कापूस तेजाबात भिजवायचा, धुऊन वाळवायचा, मग डोकं धरेल अशा उग्र वासाच्या औषधात विरघळवायचा. तो पाक काचेवर ओतायचा, काच चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच पेटीत घालून तसबीर काढायची. काच वाळली की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. चांदीच्या पाण्याने त्यांची बोटं कायमची काळी झाली होती. "सारं वऱ्हाड कापूस इकून राहिलं, मास्तर," ते म्हणत, "मी एकटाच त्याचं पानी करून राहिलो."

एकदा अमरावतीचे एक सेठ मोठ्या थाटात तसबीर काढवायला आले. नवा अंगरखा, दहा बोटांत आठ अंगठ्या. नेमकी काच उघडली आणि रस्त्यावरून कोणाची तरी कापसाची गाडी गेली. सेठांची मान आपोआप तिकडे वळली. तसबिरीत अंगरखा सुरेख आला, अंगठ्या आल्या, आणि मानेवर धुराचा लोट आला. सेठ तापले. इब्राहिमभाई शांतपणे म्हणाले, "तुमी हालले, तसबीर हालली. काच कोनाचा लिहाज करत नाई, सेठ." त्याच आठवड्यात अकोटच्या एका शेतकऱ्याने आपली बैलजोडी उभी केली होती. ती दोन्ही जनावरं शिंगांच्या टोकापर्यंत स्वच्छ उमटली. इब्राहिमभाईंनी ती तसबीर दुकानाच्या दारात टांगली आणि सेठांचं नाव काढलं की नुसतं बोट तिकडे दाखवत.

लिहाजाची, म्हणजे भिडेची, गोष्ट निघाली म्हणून सांगतो. तो माझ्या अंगात फार. माझी तसबीर मी आईला पाठवली होती. तिने ती देवघरात, देवांच्या शेजारी ठेवली. तसबिरीचा कागद अंड्याच्या पांढऱ्याने माखलेला असतो, हे मला इब्राहिमभाईंनी आधीच सांगितलं होतं. आईला वाईट वाटेल म्हणून मी ते तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ती तसबीर काढवायला गेलो त्याच दिवशी मी त्यांच्या भिंतीवरचा समुद्र पाहिला. चौकटीत एकच तसबीर होती. काळोखलेलं आकाश, ढगांच्या कडा उजळलेल्या, समुद्रावर दोन हात उंचीवर एक पांढरं बिंब आणि त्याच्यापासून थेट आपल्यापर्यंत आलेली पाण्यावरची चकाकी. एका बाजूला बंदराचा धक्का, त्याच्याजवळ एक होडी. घर सोडून मला सहा महिने झाले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे चांदन्यातली हाय," इब्राहिमभाई मागून हळूच म्हणाले. "पुनवेची. उस्तादनं कोकनात समुद्राच्या काठी रातभर उभं राहून काढली. मी त्यायच्याकडं जायच्या आधीची."

मी डोळे पुसले, पुन्हा बघितलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की ही तसबीर चांदण्यातली नाही. बंदरावर वाढलेल्या कोणाही पोराला ते कळलं असतं. मी मात्र "वा, फारच सुंदर," असं म्हणालो आणि घरी आलो.

आधी ती नुसती शिष्टाचाराची बाब होती. पुढे आमची बैठक जमली, रोज शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानातल्या खाटेवर जाऊन बसू लागलो, आणि मग मला समजलं की या माणसाने आपलं सगळं आयुष्य त्या तसबिरीला टांगलेलं आहे. ते काढत त्या प्रत्येक तसबिरीच्या मागे 'उस्तादांचा शागीर्द' एवढंच लिहिलेलं असे. स्वतःचं नाव कुठेच नाही. मी एकदा कारण विचारलं.

"जोवर माह्या हातानं चांद काचेवर उतरत नाई," ते म्हणाले, "तोवर माह्यं नाव लिवायचा मले हक नाई."

"पण उस्तादांनी रीत शिकवली असेल ना?"

"इचारलं होतं म्या. म्हने, हात साफ पायजे, नियत साफ पायजे, मंग आपोआप येते." आपल्या काळ्या बोटांकडे त्यांनी एकदा बघितलं. "माह्या नियतीतच कायतरी खोट असन, मास्तर."

दर पौर्णिमेला ते बैलांची दमणी जुंपून बाळापूरला जात. तिथे किल्ल्याखाली दोन नद्या मिळतात, त्या पाण्यावर पेटी रोखून बसत. चंद्राचा उजेड तो केवढासा, तो काचेवर काही काम करायच्या आत काच वाळून जाई. एकदा तिला ओली ठेवण्यासाठी त्यांनी तिच्यावर मध ओतला. त्या खेपेला मी बरोबर होतो. पहाटे काच धुतली तर चंद्र नाही, नदी नाही, नुसत्या बारीक वाकड्यातिकड्या रेघा. "पाहा मास्तर," ते म्हणाले, "चांद नाई आला, पन मुंग्याइची वरात आली." आम्ही दोघेही खूप हसलो. परतताना वाटेत ते पुन्हा पुन्हा ती काच उजेडाला धरून बघत होते. मला तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

अशी तीन वर्षं गेली. औषधांच्या वाफांनी त्यांची छाती खाल्ली. खोकल्याची ढास आली की हातातली काच खाली ठेवावी लागे. हकिमांनी बजावलं, वाफा आणि दमट हवा, दोन्हींपासून दूर राहा. त्यावर इब्राहिमभाईंनी एक दिवस मला आनंदाने आपला बेत सांगितला.

"आता समजलं मले. इथलं पानी गोडं हाय. चांद खाऱ्या पान्यावरच उतरत असन. मी दुकान बंद करतो अन् समुद्रावर जातो. चार पुनवा तिथंच राहीन."

"हकीम काय म्हणाले ते विसरलात?"

"हकीमले काय मालूम? नाव लिवल्याबिगर मरायचं काय मले?"

त्या छातीने ते चार महिने समुद्राच्या वाऱ्यात, ओल्या रेतीवर, रात्रभर बसले असते तर परत आले नसते. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी उठलो, भिंतीवरची तसबीर काढून त्यांच्यासमोर खाटेवर ठेवली.

"इब्राहिमभाई, ही चांदण्यातली नाही."

ते हसले. "मास्तर, तुमी आपलं पोट्ट्यायले गनित शिकवा."

"गणितच आहे हे. आमच्याकडे लहान पोरालाही येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. समुद्र आमच्या पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र असा पाण्यावर उतरतो तो पहाटे, आणि त्या वेळी पूर्ण ओहोटी असते. धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडतात, होड्या चिखलात आडव्या होतात. इथे बघा, पाणी वरच्या पायरीला लागलंय, होडी तरंगतेय. ही अष्टमीच्या आसपासची, दिवस मावळायच्या आधीची भरती आहे. हा चंद्र नाही. ढगाआडचा सूर्य आहे, आणि तसबीर मुद्दाम काळी छापलेली आहे."

ते कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मुंबईत दहा वरीस राहिलो, पन अंधाऱ्या खोलीत काचा धूत. समुद्राले बी वक्त असते, हे बाळापूरच्या मानसाले कोन सांगन? मी सावल्याच पायत राहिलो. पानी नाई पायलं." नंतर त्यांनी मान वर केली. "तुमाले हे कधी समजलं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "पहिल्या दिवशी," मी म्हणालो.

"पहिल्या दिवशी." खोकल्याची एक ढास आली आणि गेली. "उस्ताद धंदेवाले होते. त्यायनं एक डाव खोटं सांगतलं. तुमी माह्या खाटेवर बसून तीन वरीस रोज सांगतलं. काहून, मास्तर?"

तुम्हाला दुखवायचं नव्हतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. ते अर्धंच खरं होतं. त्यांचा तो विश्वास बघत बसायला मला बरं वाटे, परक्या गावात माझ्या संध्याकाळी त्यावर जात, आणि त्या जपण्यासाठी मी एका भल्या माणसाला वाळत्या काचांपाशी झिजू दिलं. याची शरम मला आजही आहे.

नंतर दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. बाजारात समोरून येत, माझ्या सावलीकडे बघत आणि मान वर न करता निघून जात. समुद्रावर मात्र गेले नाहीत.

पाऊस संपल्यावर एका दुपारी दमणी शाळेच्या दाराशी थांबली. "चला," एवढंच म्हणाले. आम्ही बाळापूरला गेलो. नद्यांना अजून पाणी होतं. पश्चिमेला ढगांचा एक पट्टा होता आणि सूर्य त्याच्याआड उतरत होता. त्यांनी पेटी सरळ सूर्याच्या तोंडावर रोखली आणि भिंगावरची टोपी काढून क्षणात परत लावली. दुसऱ्या दिवशी उन्हात कागद छापला आणि तो नेहमीपेक्षा काळा होऊ दिला. काळोखलेलं आकाश, ढगांच्या उजळ कडा, पाण्यावर पांढरी चकाकी. हुबेहूब पौर्णिमेची रात्र. समुद्र नव्हता, एवढाच फरक.

तीन वर्षं जे साधलं नाही ते एका दिवसात साधलं होतं. इब्राहिमभाई तो कागद हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर बसले. "त्यायचा हा धंदा होता, मास्तर," ते म्हणाले. "माह्यी नमाज होती." रडू त्यांना नाही, मला आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग बोरू मागून घेतला आणि कागदाच्या मागे सावकाश लिहिलं: 'सूरज. दिवस मावळाच्या आधी. इब्राहिम, बाळापूर.'

त्या दिवसापासून प्रत्येक तसबिरीमागे त्यांचं नाव येऊ लागलं. नदीची ती तसबीर एका व्यापाऱ्याला फार आवडली. काय चांदणं पडलंय, म्हणाला. इब्राहिमभाईंनी कागद उलटा करून त्याला मागचं वाचून दाखवलं. "सूर्य तर रोजचाच आहे," म्हणत त्याने तसबीर परत दिली. उस्तादांची तसबीर त्यांनी भिंतीवरून कधी काढली नाही, आणि त्यांचं नाव घेताना कानाला हात लावणंही सोडलं नाही.

अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव उतरला, तोंडं जपून ठेवणाऱ्यांची रीघ आटली. इब्राहिमभाई त्यानंतरच्या थंडीत अंथरुणाला खिळले. हकीम रोज नाडी बघून म्हणत, उतार पडतोय. शेजारी म्हणत, आठ दिवसांत उठून बसाल. बाळापूरला त्यांचा धाकटा भाऊ होता. उगाच घाबरून जाईल म्हणून त्याला कोणी कळवलं नव्हतं.

एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. त्यांनी डोळे उघडले आणि या वेळी सावलीकडे न बघता थेट माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मास्तर, तुमी सांगा. कसं दिसून राहिलं माह्यं?"

'बरं दिसतंय' हे शब्द माझ्या ओठांवर तयार होते. जन्मभर ते तयारच असतात. मी ते गिळले.

"बरं दिसत नाही, इब्राहिमभाई. भावाला आजच निरोप धाडायला हवा."

मग त्यांचा काळ्या बोटांचा हात माझ्या हातावर आला.

"धाडा," ते म्हणाले. "या खेपेले उशीर नाई केला तुमी."

मी तिथेच बसून चिठ्ठी लिहिली. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दोघांना तीन दिवस मिळाले.